अकराव्या रांगेतली मधली जागा

आम्ही दोघं विमानात एकदाच बसलो, आणि तेही वेगवेगळ्या रांगांत. ती अकराव्या रांगेत, मी सत्ताविसाव्या. दोघांच्याही जागा मधल्या. अडीच-पावणेतीन तासांच्या त्या प्रवासात मी तिला एकदाही पाहिलं नाही. ती जाऊन आता सव्वा वर्ष झालं. एवढ्या वर्षांच्या संसारात आठवावं असं पुष्कळ आहे, पण मन सारखं त्या प्रवासापाशी जाऊन थांबतं. ती कशी बसली होती, घाबरली होती का, मला हाक मारावी असं तिला वाटलं का, यातलं मला काहीच ठाऊक नाही. ठाऊक आहे ते तिनं उतरल्यावर सांगितलं तेवढंच. तेवढ्यावर मी बरेच दिवस काढले.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मुलगी लग्नानंतर कोलकात्याला गेली, जावयाची नोकरी तिकडची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली. बायको म्हणाली, लेकीला येता येत नसेल तर माहेरानं तिकडं जावं. रेल्वेनं पुण्यापासून पुढं तीस तासांच्या वर लागतात आणि बायकोची कंबर धरलेली. शेजारच्या घरातल्या पोरीनं फोनवर बघून सांगितलं की काका, विमान रेल्वेच्या एसी डब्याच्या आसपास पडतंय. मला ते खरं वाटलं नाही.

खरं न वाटलेल्या गोष्टीबद्दल आधी वाचायचं, ही माझी जुनी खोड. जुन्या पुरवण्या काढल्या, इंटरनेटवर शोधलं, आणि ह्या स्वस्त विमानांचं गणित आठवडाभर वाचलं. मला त्याचं कौतुक वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. कंपनी सगळी विमानं एकाच जातीची ठेवते. त्यामुळं कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर चालतो आणि सुटे भाग एकदाच साठवावे लागतात. आमच्या ग्रंथालयात मी सगळी कपाटं एकाच मापाची करून घेतली होती, का तर कुठलीही फळी कुठंही बसावी. तसंच ते वाटलं. विमान जमिनीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू देत नाहीत. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांनी माणसं चढवतात. आणि तिकीट म्हणजे फक्त नेणं. खाणं, जास्तीचं सामान, हवी ती जागा, सगळं वेगळं विकत घ्यायचं. ज्याला नको त्यानं देऊ नये. मला हे न्यायाचं वाटलं. बायकोला समजावून सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे ताट फुकट, वाढपाचे पैशे."

तिकिटं काढताना त्या पानानं मला जागेबद्दल तीनदा विचारलं. खिडकीजवळ हवी का, शेजारी शेजारी हवी का. प्रत्येक जागेवर एक रक्कम लिहिलेली होती. फार नव्हती, दोघांची मिळून एका बऱ्या पुस्तकाच्या किमतीएवढी असेल. मी तिन्ही वेळा नको म्हटलं. त्यामागं चिक्कूपणा थोडा होता, पण त्याहून जास्त एक समजूत होती. उभा जन्म एसटीनं हिंडण्यात गेला. कळंबच्या गाडीत म्हणा की तेरच्या, नवरा-बायकोला जागा लांब लांब मिळाली तर कुणीतरी आपणहून उठतं. नाही उठलं तर कंडक्टर म्हणतो, "ओ पाव्हणं, व्हा की जरा तिकडं, मावशीला बसू द्या." हे कुठं लिहिलेलं नसतं, पण होतं. विमानातही माणसंच बसणार, असा माझा हिशोब. आत गेल्यावर बघू, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तुमी वाचलंय समदं, तुमालाच ठाव."

सामानाचा प्रश्न मोठा होता. माणशी पंधरा किलो खाली द्यायचं आणि सात किलो जवळ. तिनं डिंकाचे लाडू केले होते, खारीक, बाळंतशेपा, ओवा, हळीव घेतले होते, आणि पाच किलो ज्वारीचं पीठ, का तर तिकडं सगळा भातच. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती. आम्ही दोन्ही बॅगा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेल्या. दुकानदार आमच्या जुन्या ओळखीचे, वयानं माझ्याएवढे. बायको त्यांना भाईजान म्हणायची. त्यांनी तांदळाचं पोतं बाजूला सारलं, काट्यावर पहिली बॅग ठेवली आणि चष्मा वर करून पाहिलं.

"भाभी, इमानात जायलाव का यडशीच्या बाजारला दुकान लावायलाव?"

"लेकीचं बाळंतपण हाय, भाईजान. काय इसरलं तर बाजारातनं परत तरी येता येतं."

चार किलो जास्त भरत होतं. दुकानातच बॅग उघडली. पीठ काढावं असं मी सुचवलं. तिनं पीठ राहू दिलं आणि स्वतःच्या साड्या काढल्या. दोन महिन्यांसाठी ती तीन साड्या घेऊन गेली. भाईजाननी वजन पुन्हा केलं, काटा बरोबर पंधरावर आला, तेव्हा त्यांनी लाडवांचा एक डबा उगाच हातात घेऊन जोखल्यासारखं केलं आणि तिनं तो त्यांच्या हातून हसत काढून घेतला.

पहाटेच्या एसटीनं निघून दुपारच्या आधी आम्ही पुण्याला विमानतळावर होतो. काउंटरवरच्या मुलीनं दोन चिठ्ठ्या दिल्या, तेव्हा कळलं, अकरा बी आणि सत्तावीस ई. मी तिला विनंती केली. तिनं यंत्रात पाहिलं आणि म्हणाली की शेजारच्या जागा लोकांनी आधीच घेतल्यात, आत विचारून बघा. ती वाईट वागली नाही. त्या कंपनीतलं कुणीच माझ्याशी वाईट वागलं नाही. प्रत्येक माणूस नेमकं आपल्या वाट्याचं काम करत होता आणि आमचं काम कुणाच्या वाट्याचं नव्हतं.

पुढं वेळ होता. मी तिथल्या पुस्तकांच्या दुकानात गेलो आणि एक पुस्तक घेतलं.

विमानापाशी बसनं नेलं. तिथं दोन जिने. एकजण हात करून सांगत होता, पुढच्या रांगा इकडं, मागच्या तिकडं. मी तिच्याबरोबर पुढच्या जिन्यानं चढलो. अकराव्या रांगेत भिंतीकडच्या माणसानं डोक्यावरून चादर घेतली होती, तो झोपलाच होता. कडेच्या जागेवरच्या गृहस्थांना मी विचारलं. ते म्हणाले, गुडघ्यांमुळं मुद्दाम पैसे भरून ही जागा घेतलीय, आणि तुमची तर मधली आहे. त्यांचं चूक नव्हतं. मधली जागा घेऊन कडेची कोण देईल? मी तिचा पट्टा लावून दिला. मागं माणसं खोळंबली होती. हवाईसुंदरी म्हणाली, अंकल, प्लीज आपल्या जागेवर बसा. बायको म्हणाली, "जावा तुमी. मी काय ल्हान हाय का?" तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा होता. वर ठेवायला दिला नव्हता तिनं.

सत्ताविसाव्या रांगेत माझ्या दोन्ही बाजूंना दोन तरुण होते, दोघांच्या कानांत बोंडं. मी पुस्तक उघडलं. पुस्तक चांगलं होतं आणि मी निम्मं वाचून काढलं. पट्ट्याचा दिवा विझल्यावर उठून पुढं जाऊन तिला बघून यावं, एवढं सुद्धा मी केलं नाही. खाण्याची गाडी मध्येच उभी होती हे एक कारण, आणि पुस्तकात होतो हे दुसरं. दुसरंच खरं.

उतरतानाही ती पुढच्या दारानं, मी मागच्या. सामानाच्या पट्ट्यापाशी ती मला दिसली. डबा तसाच, फडक्याची गाठ सुद्धा सुटलेली नव्हती. मी विचारलं, जेवली नाहीस? ती म्हणाली, "तुमच्याबिगर कसं खायाचं? आन् भूक बी न्हवती." मग मी विचारलं, भीती वाटली का? माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली,

"भीती कशाची? खाली बघत हुते की. समदं रान कसं, कुणी माळवदावर वाळवण घातल्यावानी. पापड, कुरडया, सांडगे, चौकोन चौकोन. आन् मधनं एक नदी, लुगडं वाळत टाकल्यावानी. लई ग्वाड दिसत हुतं. तुमाला दिसलं का न्हाय?"

मी म्हणालो, नाही, मी मध्ये होतो. ती म्हणाली, "पुस्तकात असाल." आणि हसली. तिची चिठ्ठी तिनं माझ्या हातात दिली, "घ्या, खुणेला हुईल." मी ती पुस्तकात घातली.

माझ्या मनावरचं ओझं तिथं उतरलं. तिला बाहेर बघायला मिळालं होतं. मुलीच्या घरी पोचल्यावर मीच सगळ्यांना सांगितलं, आई काय म्हणाली ऐका. वाळवणाची ती गोष्ट जावयाच्या आईलासुद्धा तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितली. नवव्या दिवशी नात झाली. दोन महिने बायकोनं शेक-शेगडी, तेल-पाणी सगळं केलं. परतीची तिकिटं काढायला बसलो तेव्हा ती म्हणाली, जाताना रेल्वेनं जाऊ. मी म्हटलं, कंबर? ती म्हणाली, "दुखू दे. रेल्वेत समूरासमूर बसता येतंय." मला वाटलं, तिकडून मिळालेल्या साड्यांचं आणि भांड्यांचं वजन, म्हणून म्हणत असेल. आम्ही रेल्वेनं आलो. तीस तास ती समोर बसून होती. कधी झोपायची, कधी डबा उघडायची, कधी माझं पुस्तक हातातून काढून घेऊन म्हणायची, बघा बाहेर.

पुढच्या वर्षी थंडीत ती गेली. फार दिवस आजारी नव्हती. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत संपलं. मुलीला कळवलं. तिनं त्याच कंपनीचं दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट काढलं, वर्षाच्या पोरीला घेऊन. ते विमान उशिरा सुटलं. का सुटत नाही हे तिला कुणी सांगेना, फोनवर नुसते निरोप येत होते, अजून एक तास, अजून एक तास. इकडं बायकोच्या माहेराहून, तेरहून आलेली वडीलधारी माणसं सूर्याकडं बघत होती. तिचे थोरले भाऊ मला दोनदा म्हणाले, "दाजी, किती थांबायचं?" मी म्हणालो, थांबू. ऊन उतरता उतरता गाडी दारात आली. मुलीला आईचं तोंड दिसलं. रेल्वे असती तर दिसलं नसतं, आणि विमान वेळेवर असतं तर ती जरा वेळ आईपाशी बसली असती. त्या कंपनीला नावं ठेवायला बसलो की मला पहिली गोष्ट आठवते, आणि उपकार मानायला गेलो की दुसरी.

दहाव्याला बायका बसल्या होत्या तेव्हा मी ती वाळवणाची गोष्ट पुन्हा सांगितली. तिनं जग वरून पाहिलं, असं काहीतरी म्हणालो. मुलगी रडत रडत हसली.

नंतर घरात मी एकटा. त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर काहीच वाळत पडलं नाही. शेजारणींनी पापड दिले, ते डब्यात तसेच राहिले. संध्याकाळी गच्चीवर गेलो की रिकामी फरशी तापलेली असायची. मुलगी म्हणायची, बाबा, इकडं या. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी घर सोडलं नाही. ते झाल्यावर जायचं ठरवलं.

तिकीट काढायला बसलो तर त्या पानानं विचारलं, मागच्या वेळचे प्रवासी घालू का? खाली दोन नावं. माझ्यापुढं खूण केली. तिच्या नावापुढचा चौकोन रिकामा ठेवला, ते नाव पुसून टाकायची सोय होती ती वापरली नाही. मग जागांचा नकाशा आला. मी उठलो आणि कपाटातून ते अर्धं राहिलेलं पुस्तक काढलं. चिठ्ठी निम्म्यावर तशीच होती, पण तसल्या कागदावरची छपाई उडून जाते. तिचं नाव गेलं होतं, तारीख गेली होती. उजेडाकडं तिरपं धरल्यावर अकरा बी तेवढं दिसलं. मी पहिल्यांदा पैसे भरून जागा घेतली, ती. तिनं पाहिलं ते मला बघायचं होतं.

आदल्या दिवशी शेजारच्या वहिनींना दशम्या करून मागितल्या. एसटी, विमानतळ, बस, पुढचा जिना, सगळं तसंच. अकराव्या रांगेत भिंतीकडं एक तरुण मुलगी बसत होती. ती थबकली आणि मग हसायला लागली. तिनं मला हिंदीत सांगितलं, अंकल, बघा, खिडकीचे पैसे घेतले आणि खिडकीच नाही.

खरंच नव्हती. पुढच्या रांगेला होती, मागच्या रांगेला होती. आमच्या रांगेला करडी भिंत, वरपासून खालपर्यंत सलग. त्या मुलीनं हवाईसुंदरीला बोलावलं. तिनं माफी मागितली, म्हणाली, इथून भिंतीच्या आत हवेचा पाइप जातो, म्हणून ह्या रांगेला खिडकी नसते. मी विचारलं, ह्याच विमानात की सगळ्या? ती म्हणाली, सर, आमची सगळी विमानं एकाच जातीची आहेत.

हे मी वाचलं होतं. मला ते आवडलंही होतं.

विमान सुटलं. मी मान वळवून, वाकून बघितलं. पुढच्या खिडकीची कडा दिसत होती, नुसती पांढरी. पलीकडच्या बाजूला दोन माणसांच्या डोक्यांमधून आभाळाचा तुकडा दिसला. जमीन कुठूनही दिसत नव्हती. ती माझ्यापेक्षा बुटकी. तिला समोरच्या खुर्चीची पाठ दिसली असेल, आणि चादर घेतलेला माणूस.

मग ते रान तिनं कुठं पाहिलं, हे मी बसल्या जागी शोधत राहिलो, आणि बऱ्याच वेळानं सापडलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिला आणायला तेरला गेलो होतो. तिथं गावाकडेला जुनी टेकाडं आहेत. पुस्तकात वाचलेलं टेकाड बघायचं म्हणून मी सकाळी निघालो, तर ती एका भाचीला घेऊन बरोबर आली. वर चढून मी मातीतली खापरं बघत बसलो. ती गावाकडं तोंड करून उभी होती. खाली माळवदांवर घरोघरची वाळवणं पसरलेली, आणि पलीकडं तेरणेची बारीक धार. ती म्हणाली होती, ते बघा आमचं. मी "हं" म्हणालो असेन. खापरातून मान वर केली की नाही, आठवत नाही.

सामानाच्या पट्ट्यापाशी माझ्या तोंडाकडं बघून तिनं तेच काढून मला दिलं होतं. तेवढ्या थोड्या वेळात. आणि दोन महिन्यांनी रेल्वे मागितली होती, समोरासमोर बसायला.

मी डबा उघडला. शेंगाची चटणी आणि दशम्या. शेजारच्या मुलीला विचारलं, ती आधी नको म्हणाली, मग तिनं घेतली, आणि चटणी तिखट लागली म्हणून माझं पाणी प्यायली. कुठून आलात, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं ते नाव ऐकलेलं नव्हतं. पुढं आम्ही फार बोललो नाही. दशमी खाताना मला जाणवलं की त्या जागेवर कोपर टेकायलाही दोन्हीकडं जागा नसते. हात मांडीवरच ठेवावे लागतात. तिनं डबा मांडीवर धरला होता तो तेवढ्यासाठीही असेल.

कोलकात्याला मुलगी न्यायला आली होती, नात कडेवर. नात मला ओळखेना. गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, ह्या वेळी आईचीच जागा घेतली होती ना? तुम्ही फोनवर म्हणालात. दिसलं का आईला दिसलं तसं?"

तिच्या आवाजात आशा होती. आई वरून बघत होती, हे तिनं दोन वर्षांहून जास्त जपलं होतं, माझ्यासारखंच. नात माझ्या चष्म्याकडं हात नेत होती.

"दिसलं," मी म्हणालो. "कुणीतरी माळवदावर वाळवण घातल्यासारखं. आणि मधून नदी."

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. बघता बघता तिनं विचारलं, नदी कुठली असेल हो बाबा. मी म्हणालो, तेरणा. तेवढं एक खरं सांगितलं.